कॉझवेच्या अलीकडे, कॉझवेच्या पलीकडे

दिवाळी उलटून हवेत गारवा आला की सुरतच्या भाजीबाजारात पापडीच्या ढिगापुढे गिऱ्हाईक हमखास एक चौकशी करते: कतारगामची आहे ना? उंधियूच्या मिश्र भाजीला तीच पापडी हवी असते. कोवळी, नाजूक सालीची आणि शिजल्यावर दाण्यांसकट मऊ होणारी. विक्रेताही मान हलवून होकार देतो. प्रत्यक्षात कतारगामात आता पापडीचा वाफा शोधायला गेले तर हिरे घासण्याची चाके, एम्ब्रॉयडरीची यंत्रे, जीआयडीसी औद्योगिक वसाहतीच्या शेड आणि दाटीवाटीने उभ्या इमारती लागतात. तापीच्या डाव्या काठावरचे हे गाव सुरतने केव्हाच आपल्यात घेतले. पापडी आजूबाजूच्या तालुक्यांतून येते. नाव मात्र ज्या मातीने मिळवून दिले, तिचेच राहिले आहे.

ती माती तापीने दरवर्षी आणून टाकलेल्या गाळाची. पण नुसत्या गाळाने पापडी पिकत नाही. पापडीचे रोप हलक्या हाताने उपटून मुळे पाण्यात धुतली तर त्यांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. एखादी गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी, जवळजवळ रक्ताच्या रंगाची असेल तर ती कामात आहे, हिरवट किंवा करडी असेल तर तिचे काम संपले आहे. त्या गाठीत रायझोबियम कुळातले लाखो जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला घेता येईल अशा रूपात बदलून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर पुरवते. हे काम करणाऱ्या विकराला ऑक्सिजन सोसत नाही, आणि जिवाणूला तर जगायला ऑक्सिजन लागतो. हा पेच सोडवायला गाठीत रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचे एक प्रथिन तयार होते. ते ऑक्सिजन बांधून ठेवते आणि लागेल तेवढाच सोडते. गुलाबी रंग त्याचाच. 1888 साली डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी या गाठींतले जिवाणू वेगळे काढून वाढवले, तेव्हा कडधान्याने जमीन सुधारते या शेतकऱ्याच्या पिढीजात अनुभवाला कारण सापडले.

या जोडीला बिघडवायला फार काही लागत नाही. जमिनीत युरिया जास्त झाला तर झाड गाठी धरायचे कमी करते, कारण विकतचा नायट्रोजन आयता मिळत असतो. शेतात पाणी तुंबले तर मुळांना हवा मिळत नाही आणि गाठी कुजतात. माती फार तापली तर गाठी धरतच नाहीत. जिवाणू तेच, बियाणे तेच. हवा, पाणी आणि ऊन बदलले की पीक बदलते.

पापडीच्या एका गाठीत जे घडते तेच कतारगामशेजारच्या नदीत, त्याच शहराच्या गटारात आणि तिथल्या माणसांच्या आजारपणात मोठ्या प्रमाणावर घडते. हवामान बदलाची चर्चा आपण बर्फाच्या, समुद्राच्या आणि वाघांच्या अंगाने करतो. 2019 साली रिकार्डो काव्हिकिओली आणि जगभरच्या त्यांच्या सहकारी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी ‘नेचर रिव्ह्यूज मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात मानवजातीला एक जाहीर इशारा दिला. डोळ्यांना न दिसणारे हे जीव हिशेबात धरल्याशिवाय हवामान बदल समजणार नाही आणि थोपवताही येणार नाही, असा त्याचा आशय होता. हा इशारा जागतिक आहे. तो खरा कसा ठरतो हे कतारगामसारख्या एका उपनगरात उभे राहून पाहता येते.

खान्देशचे पाणी

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहून सुरतपलीकडे अरबी समुद्राला मिळते. तिच्या सुमारे 65 हजार चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी जवळजवळ चार पंचमांश महाराष्ट्रात आहे. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई या नद्या विदर्भ-खान्देशाचे पाणी तिला देतात. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली भागांत अहिराणी कानावर पडते, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारची हजारो कुटुंबे भुसावळ-सुरत रेल्वेने इथे पोटासाठी आली आणि स्थिरावली. त्यांच्या आधीपासून त्यांच्या शिवारातले पाणी इथे येतच होते.

त्या पाण्याबरोबर शिवारही येते. रावेर-यावलच्या केळीला, कपाशीला आणि उसाला दिलेल्या युरियातला बराच भाग पिकाच्या तोंडी लागत नाही. जमिनीतले जिवाणू आधी त्यातल्या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि पावसाबरोबर ओढ्याला लागते. जिथे चिखल साचून हवा कोंडते तिथे दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. या वाटेवर थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो सुमारे 270 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. खताचे एक पोते कोणत्या वाटेने जाईल, पिकात, नदीत की आकाशात, हे शेवटी मातीतल्या या अदृश्य वस्तीवर आणि तिला मिळणाऱ्या हवेवर ठरते.

नदीला खतांखेरीज काठावरच्या गावांचे सांडपाणी मिळते, घाटावरचे निर्माल्य मिळते. वाटेत हतनूर, प्रकाशा, सारंगखेडा इथले बांध आणि 1972 साली पुरे झालेले उकाई धरण तिला थांबवतात. उकाईच्या खाली 1954 सालचा काकरापारचा बंधारा आहे. इतक्या थांब्यांनंतर ती सुरतच्या उत्तर टोकाला पोहोचते आणि तिथे शेवटचा बांध लागतो. सिंगणपोर आणि रांदेर यांना जोडणारा तो बंधारा 1995 साली झाला. वरून रस्ता जातो म्हणून सारे सुरत त्याला कॉझवे म्हणते. पावसाळ्यात पाण्याने सहा मीटरची पातळी ओलांडली की रस्ता बंद होतो आणि माणसे पाणी पाहायला काठावर जमतात.

एका भिंतीच्या दोन बाजू

कॉझवे बांधण्यामागे साधी गरज होती. भरतीचे खारे पाणी शहराच्या वरपर्यंत चढत असे आणि पिण्याचे पाणी बिघडत असे. भिंत घातल्यावर वरच्या बाजूला गोड्या पाण्याचा लांबलचक साठा झाला. कतारगामच्या वॉटर वर्क्ससह शहराची पाणी उचलण्याची ठिकाणे त्यावर चालतात. लाखो घरांच्या नळाला त्यामुळे पाणी आले. ते मोल कुणीही नाकारू नये.

पण वाहत्या नदीचे तळे झाले की तिच्यातली वस्ती बदलते. वाहत्या, खळाळत्या पाण्यात हवा मिसळत राहते आणि कुजणारे पदार्थ खाणारे जिवाणू आपले काम उरकतात. थांबलेल्या पाण्यात उन्हाळ्याच्या दिवसांत वेगळे खेळाडू पुढे येतात. नीलहरित जिवाणूंना कोमट, संथ, नायट्रोजन-फॉस्फरसने भरलेले पाणी मानवते. मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर त्या पृष्ठभागी तरंगतात, ऊन अडवतात आणि खालच्या साऱ्यांना अंधारात टाकतात. याच कुळाने सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरायला सुरुवात केली. आज इथे तेच पाण्याचा ऑक्सिजन खेचून घेण्यास कारण होतात. दिवसा प्रकाशात ऑक्सिजन तयार होतो, रात्री तयार होणे थांबते आणि सगळ्यांचे श्वसन मात्र चालू राहते. दाट थर मरून तळाला गेला की त्याला कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही वापरतात. अशा साठ्यात सगळ्यात वाईट वेळ पहाटेची असते. मासे तेव्हा तोंडे वर काढतात.

यात तापमानाचा हिशेब निष्ठुर आहे. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर गोडे पाणी साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकते, 30 अंशांना साडेसात. म्हणजे पाणी तापते तसा साठा घटतो, आणि त्याच वेळी जिवाणूंची भूक वाढते. उन्हाळ्यात सुरतेत नळाच्या पाण्याला वास येतो, रंग पिवळट होतो अशा तक्रारी उठतात, महापालिका वरून पाणी सोडण्याची मागणी करते, यंत्रे लावून जलपर्णी काढते. मातकट वास देणारे जिओस्मिन नावाचे द्रव्य नीलहरित जिवाणूंच्या काही जाती तयार करतात. जलपर्णी काढणे आवश्यकच आहे, पण ती ज्या अन्नावर वाढली ते अन्न पाण्यातच राहिले तर पुढच्या महिन्यात ती पुन्हा येते.

आता भिंतीच्या पलीकडे पाहू. तिथे भरती-ओहोटीचे राज्य आहे आणि पावसाळा सोडला तर वरून येणारे गोडे पाणी तुटपुंजे. नदी वर्षानुवर्षे गाळाने भरत चालली आहे. तोच गाळ, तीच कुजणारी पाने, तेच सांडपाणी. पण समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू तिथे वरचढ ठरतात, आणि ओहोटीच्या चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्या हायड्रोजन सल्फाइडचा. वरच्या गोड्या बाजूला सल्फेट कमी असल्यामुळे तळच्या चिखलात मिथेन करणाऱ्यांची सरशी होते, आणि बुडबुडे येतात ते त्या वायूचे. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. एक भिंत घातली आणि एकाच नदीचा चिखल दोन वेगळे वायू सोडू लागला. समुद्राची पातळी वाढेल तसे खारे पाणी या भिंतीवर अधिक दाब देईल आणि भिंतीखालची वस्ती आणखी बदलेल.

परिस्थिती बदलली की अदृश्य वस्ती किती झटपट बदलते याचे दर्शन महाराष्ट्राने जून 2020 मध्ये घेतले. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर काही दिवसांत गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले तेव्हा आर्किया नावाच्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ झाल्याचे दिसले. बाष्पीभवनाने पाणी घटले, क्षार वाढले आणि रंगद्रव्य बाळगणाऱ्या या जीवांना मैदान मोकळे झाले. पाऊस आला, पाणी वाढले, गुलाबी रंग ओसरला. लोणारला हे डोळ्यांना दिसले. कॉझवेच्या साठ्यात असे बदल बहुतेक वेळा न दिसता होऊन जातात.

1994 चा सप्टेंबर

कतारगाम आणि त्याला लागून असलेला वेड रोड यांची नावे एकदा साऱ्या जगाने ऐकली आहेत. 1994 च्या पावसाळ्यात तापीला पूर आला, सखल वस्त्यांत पाणी शिरले, उतरल्यावर चिखल, मेलेली जनावरे आणि कचरा मागे राहिला. सौराष्ट्रातून आणि महाराष्ट्रातून आलेले कामगार इथल्या खोल्यांत दाटीने राहत होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात न्यूमोनियासारख्या आजाराने धडधाकट माणसे एक-दोन दिवसांत दगावू लागली. फुप्फुसाचा प्लेग ही बातमी फुटली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले. टेट्रासायक्लिन दुकानांतून संपले. देशभरात पन्नासहून अधिक मृत्यूंची नोंद झाली.

त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला होता. त्याच्या मागे 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप होता. भूकंपाच्या धास्तीने लोक घरे सोडून बाहेर राहिले, धान्य मात्र रिकाम्या घरांत राहिले. उंदरांची पैदास वाढली, रानातले आणि घरातले उंदीर एकमेकांच्या जवळ आले, पिसवांना नवे यजमान मिळाले. जंतू नवा नव्हता. 1894 साली हाँगकाँगला यर्सां यांनी तो शोधला होता. 1897 साली मुंबईत हाफकिन यांनी त्याची लस स्वतःला टोचून घेतली, आणि 1898 साली कराचीत सिमों यांनी पिसवेचा दुवा दाखवला. त्यामुळे 1994 साली जंतूपेक्षा त्याला मिळालेली जागा नवी होती.

या जंतूची एक सवय इथे सांगण्याजोगी आहे. तो पिसवेच्या जठराच्या तोंडाशी चिकट थर धरतो. घाटाच्या दगडावर पाय घसरतो तो थरही जिवाणूंनीच धरलेला असतो, आणि शास्त्रात दोन्हींना जैवपटल म्हणतात. वाट बुजल्यामुळे पिसवेला रक्त गिळता येत नाही, भुकेने ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्यागणिक जंतू पुढच्या अंगात उतरतो. हवा फार तापली की हा थर नीट धरत नाही. प्लेगच्या साथी हवामानाशी का बांधलेल्या दिसतात याचे एक कारण या थरात आहे.

1994 ची ती साथ प्लेगचीच होती का यावर पुढे बरेच वाद झाले. 2000 साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी या साथीतल्या जिवाणूंची जनुके वाचून तो यर्सिनिया पेस्टिसच असल्याचे दाखवले. त्यांनी वाचलेले जनुक ‘16-एस’ म्हणून ओळखले जाते. याच जनुकाच्या कुळातल्या रेणूंची तुलना करून 1977 साली अमेरिकेत कार्ल वूझ यांनी आर्किया ही जीवांची एक वेगळीच शाखा दाखवून दिली. आज नदीच्या पाण्यात किंवा मातीत कोण राहते हे ठरवायला जगभर तेच जनुक वाचतात. वेड रोडच्या प्लेगची ओळख पटवणारे साधन लोणारच्या गुलाबी पाण्यातही उपयोगी पडते.

मे 1995 मध्ये एस. आर. राव सुरतचे महापालिका आयुक्त झाले. त्यांनी विभागांना अधिकार दिले, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले, कचरा उचलण्याची शिस्त लावली, झोपडपट्ट्यांपर्यंत पाणी, संडास आणि गटारे नेली. 1996 साली सुरत देशातले दुसरे स्वच्छ शहर ठरले. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात तिने इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. शहराने जंतूचा नायनाट केला नाही, तो शक्यही नव्हता. त्याने उंदीर, पिसवा, कचरा आणि साचलेले पाणी यांची साखळी तोडली. सूक्ष्मजीवांशी वागण्याची ही पद्धत मला कोणत्याही औषधापेक्षा मोठी वाटते.

सिंगणपोरच्या टाक्या

कतारगामच्या हद्दीजवळ सिंगणपोरला महापालिकेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. शहराचे मैलापाणी तिथे येते. जाळ्यांतून कचरा आणि टाक्यांतून वाळू निघाली की पुढचे काम जिवाणूंकडे जाते. मोठ्या टाक्यांत हवा सोडली की तपकिरी पाणी उकळल्यासारखे ढवळते. त्यात तरंगणारे लोकरीसारखे बारीक पुंजके ही जिवाणूंची, प्रजीवांची आणि बुरशांची एकत्र वस्ती असते. ती विरघळलेली घाण खाऊन वाढते आणि पुंजके जड होऊन तळाला बसतात. ही रीत 1914 साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी बसवली. हवा बंद पडली तर काही तासांत पुंजक्यांचा रंग काळवंडतो आणि वास सुटतो, कारण एक वस्ती मरते आणि दुसरी डोके वर काढते.

तळाला बसलेला गाळ मग बंद डायजेस्टरमध्ये जातो. तिथे हवा नसते, तापमान साधारण 35 अंश. एका गटाचे जिवाणू मोठे रेणू तोडतात, दुसरे त्यांची आम्ले करतात, तिसरे त्या आम्लांचे ॲसिटेट आणि हायड्रोजन करतात आणि शेवटी आर्किया त्यातून मिथेन करतात. एकाचा उकिरडा हे दुसऱ्याचे जेवण. मिथेन करणारे सावकाश वाढतात आणि आम्ल वाढले तर सर्वांत आधी तेच मार खातात. म्हणून गाळ घालायचा वेग सांभाळावा लागतो. या वायूवर सुरतने 2003 साली अंजना केंद्रात वीज तयार करायला सुरुवात केली. देशातला तो पहिला प्रयोग मानला जातो. पुढे भटार, करंज आणि सिंगणपोर इथेही अशी वीजकेंद्रे झाली. बामरोलीला सांडपाणी आणखी शुद्ध करून 2014 पासून ते पांडेसराच्या कापड कारखान्यांना दिले जाते, तेवढे नदीचे पाणी वाचते.

कॉझवेच्या तळाशी मिथेन करणारे आणि सिंगणपोरच्या टाकीत मिथेन करणारे एकाच घराण्यातले आहेत. तिथला वायू हवेत जाऊन उष्णता वाढवतो, इथला इंजिनात जळून पंप फिरवतो. फरक पडतो तो गाळ कुठे जातो यामुळे. मैला नाल्यातून नदीत गेला तर पहिले, नळातून टाकीत आला तर दुसरे. नगरपालिकेचे गटार ही हवामानाचीच बाब आहे, हे यावरून कळावे.

पाऊस, ऊन आणि हिशेब

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र घटत होता. म्हणजे कोरडे दिवस वाढले आणि पाणी कोसळू लागले. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरतचा बहुतेक भाग बुडाला. पूर मातीतल्या, गटारातल्या आणि नदीतल्या वस्त्या एकत्र कालवतो. दक्षिण गुजरातच्या भाताच्या आणि उसाच्या शेतांत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस दरवर्षी माणसांना आजारी पाडतो. त्याचा जंतू उंदीर-गुरांच्या मूत्रातून ओल्या मातीत उतरतो आणि शेतमजुराच्या पायाच्या भेगेतून शरीरात शिरतो. चिखल जितके दिवस टिकेल तितके दिवस त्याला मोकळीक.

सुरतने या दिशेने विचार सुरू केला आहे. 2008 पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या आशियाई शहरांच्या हवामान उपक्रमात ती सामील झाली, पुराच्या पूर्वसूचनेची व्यवस्था उभी राहिली, शहरी आरोग्य आणि हवामान यांचा एकत्र विचार करणारे केंद्र झाले. प्लेगने शिकवलेले शहर म्हणून तिच्याकडून अपेक्षाही जास्त आहे.

माझ्या मते पुढची पायरी मोजण्याची आहे. पावसाळ्यात सुरतची वर्तमानपत्रे उकाईची आणि कॉझवेची पातळी रोज छापतात आणि घराघरांत ती वाचली जाते. फेब्रुवारी ते जून त्याच जागी कॉझवेच्या वरच्या बाजूचा पहाटेचा विरघळलेला ऑक्सिजन छापावा. पाणी किती आहे हे सांगणारा आकडा शहराला पुरातून वाचवतो. पाणी जिवंत आहे का हे सांगणारा आकडा त्याला उन्हाळ्यात सावध करील. त्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फरस मोजावे, आणि वर्षातून काही वेळा ‘16-एस’ वाचून पाण्यातली वस्ती कोणत्या बाजूला झुकते आहे हे नोंदवावे. हे तंत्र आता मोठ्या प्रयोगशाळांपुरते राहिलेले नाही.

पण मोजमाप सुरतेत आणि कारण खान्देशात, अशी ही नदी आहे. भुसावळ-जळगावच्या बाजूने येणारे सांडपाणी, तापीकाठच्या केळीला पडणारा युरिया आणि कॉझवेच्या वरचे शेवाळ हे एकाच खात्यातले जमाखर्च आहेत. केळीच्या पट्ट्यात दोन पिकांच्या मधे वाल, चवळी, ताग असे गाठी धरणारे पीक घेतले आणि माती तपासून युरिया कमी केला तर शेतकऱ्याचे पैसे वाचतात आणि नदीचे ओझे उतरते. काठावरच्या प्रत्येक नगरपालिकेने मैल्याला टाकीची वाट दाखवली तर तोच वायू पंप फिरवू शकतो. सुरतेतल्या खान्देशी कुटुंबांनी गावाकडे फोनवर पावसाची चौकशी करताना नाल्याचीही करावी, कारण त्यांच्या नळाला येणारे पाणी माहेरच्या शिवारातून येते.

यासाठी नवे धरण लागत नाही, नवा जंतू शोधावा लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि सुरत या चार जिल्ह्यांनी तापीच्या पाण्याची एक सामाईक नोंदवही ठेवायचे ठरवावे आणि ती लोकांसाठी उघडी ठेवावी. कतारगामने 1994 नंतर कचऱ्याच्या बाबतीत जे करून दाखवले, ते आता साऱ्या खोऱ्याने पाण्याच्या बाबतीत करायचे आहे.